टेकडीची मतं

दादा,

तुम्हाला कापड फाडताना बघायला मला फार आवडायचं. काठाला कात्रीने बोटभर चीर द्यायची, दोन्ही अंगठे आत घालायचे आणि एका दमात ओढायचं. पॉपलीन सरळ रेषेत फाटत जायचं, आणि तो आवाज झाला की बाकावर बसलेल्या बायका बोलता बोलता थांबायच्या. मी काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून अभ्यासाचं नाटक करत असायचे. आपल्या घरात 'बाबा' हा शब्द भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोसाठी राखून ठेवलेला, म्हणून काका-आत्या तुम्हाला म्हणायचे तसं आम्हीही दादाच म्हणायचो. पुढे अख्खा वॉर्ड दादा म्हणायला लागला तेव्हा मला थोडा रागच आला होता, माझी वस्तू कुणीतरी न विचारता वापरायला घेतल्यासारखा.

लग्नाआधी तुम्ही उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापड दुकानात कामाला होतात. शेठने तुम्हाला कापड शिकवलं, डोळे मिटून बोटांच्या चिमटीत सुती कुठलं आणि मिसळीचं कुठलं ते ओळखायला. पण खरं शिकवलं ते गिऱ्हाईक. "पहले बिठाओ, फिर पूछो," असं ते म्हणायचे, हे तुम्ही आम्हाला शंभरदा सांगितलंय. 'अचो, वेहो', म्हणजे या, बसा, हे सिंधी शब्द तुमच्या तोंडात इतके बसले की घरी पाहुणे आले तरी तुम्ही तेच म्हणायचात, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "शेठ आले का?" स्वतःचं दुकान अंबरनाथला टाकलंत तेव्हा आजोबा रोज सकाळी येऊन बाहेरच्या पायरीवर बसायचे. आत या म्हटलं तरी येत नसत. त्यांच्या लहानपणी गावातला दुकानदार त्यांना लांब उभं करून कापड अंगावर फेकायचा, हात लावून बघू देत नसे. आपला मुलगा गादीवर बसून ताके उलगडतोय आणि सगळ्या जातीच्या बायका समोर बसून हात लावून बघतायत, हे त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. ते नुसते बघत बसायचे.

मी नववीत असताना तुम्ही मला रागावलात, ती दुपार मला आज जास्त आठवते. टेकडीवरच्या वस्तीतल्या दोन बायका आल्या होत्या. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवरून कामासाठी आलेली ती माणसं, पावसाळ्यात भातलावणीला परत जाणारी, मग हळूहळू इथेच राहिलेली. त्यातल्या एकीने वरच्या खणातली पोपटी साडी बघायला मागितली. मी स्टुलावरून न उठताच म्हटलं, "ती महाग आहे." तुम्ही दुसरीकडे अस्तर मोजत होतात. तुम्ही मोजणं अर्धवट सोडलंत, आलात, ती साडी काढलीत, तिच्या शेजारच्या चारही काढल्यात, आणि एकेक पदर त्या बाईच्या खांद्यावर टाकून आरसा धरलात. त्यांनी काहीच घेतलं नाही. त्या गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "भाव विचारला होता का तिने?"

"नाही."

"काय मागितलं होतं?"

"बघायला."

"मग दाखवायची. आपण दाखवायला बसलोय. काय परवडतं ते तिचं ती बघेल."

तुम्ही आवाज चढवला नव्हता. पण बाहेर पायरीवर आजोबांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं, आणि ते मला तुमच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

तुम्ही राजकारणात गेलात असं लोक म्हणतात, मला मात्र तुम्ही दुकानातून उठून तसेच चालत गेलात असंच आठवतं. त्या वर्षीच्या पावसात टेकडीवरच्या विहिरीत घाण पाणी उतरलं. बाळं आजारी पडायला लागली. एका सकाळी एक माणूस आला आणि पांढरं कापड मागितलं. दीड मीटर. तुम्ही काही विचारलं नाहीत, कापडवाल्याला मापावरून कळतं. तिसऱ्या दिवशी दुसरा आला, तेवढंच माप. त्याच आठवड्यात तिसरा. त्याच्यासाठी तुम्ही कापड फाडलं नाहीत, कात्रीने हळूहळू कापलंत. आवाज होऊ नये म्हणून, असं मला वाटलं. तो गेल्यावर तुम्ही चपला घातल्यात, मला म्हणालात, "बस इथे," आणि हातातला कापड मोजायचा लोखंडी मीटर तसाच घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेलात.

तिथे काय झालं ते तुम्ही जेवताना आईला सांगितलंत. साहेबांनी नकाशा काढून दाखवला होता, त्यात टेकडीवर वस्तीच नव्हती, नुसत्या उंचीच्या रेषा होत्या. तुम्ही म्हणालात, "साहेब, नकाशात नसेल, माझ्या दुकानात आहे. तिथल्या प्रत्येक पोराच्या शाळेच्या शर्टाचं माप मला तोंडपाठ आहे." साहेब माणूस वाईट नव्हता, असंही तुम्ही सांगितलंत. त्याला मीटरपेक्षा नकाशा खरा वाटत होता, एवढंच. धरणाचं पाणी घेऊन येणारी मोठी पाइपलाइन त्या वस्तीच्या पायथ्यावरून जायची, पोरं तिच्यावर बसून खेळायची, आणि वर पिण्याला थेंब नाही. तुम्ही महिनाभर रोज दुपारी जात राहिलात. शेवटी टँकर सुरू झाला, आणि पुढच्या निवडणुकीला वस्तीतले, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समधले, बाजारातले असे सगळे मिळून आपल्या घरी आले. "दादा, उभे राहा." तुम्ही आईकडे बघितलंत. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय, तुम्ही कधीचे उभेच आहात." तुम्ही कुठल्याच पक्षात नव्हतात. निशाणी शिलाई मशीन मिळाली. तुम्ही मला तेव्हा म्हणालात, "बघ, धंद्यातलीच निघाली," आणि लहान मुलासारखे हसलात.

निवडून आलात आणि मला तुम्ही दिसेनासे झालात. बारावी झाल्यावर दुकान माझ्याकडे आलं. तुम्ही नगरपालिकेत, नाहीतर कुणाच्या तरी दारात. माझ्या लग्नाच्या दिवशी वॉर्डात पाइप फुटला. हॉलमध्ये सगळे जमलेले, भन्तेजी आसनावर, मी तुम्हीच निवडून ठेवलेली पांढरी साडी नेसून उभी, आणि माझे वडील नाहीत. तासाभराने तुम्ही आलात, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात पान्हा. सासरच्या मंडळींना वाटलं नळदुरुस्तीवाला आला. तुम्ही माझ्या शेजारी येऊन हात जोडलेत आणि त्रिशरण म्हणायला लागलात, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मी रडत होते. फोटोत ते सासरी जाण्याचं रडणं दिसतं. ते तसं नव्हतं, हे निदान तुम्हाला माहीत असेल असं मला वाटायचं. आता वाटतं, नसेल.

लग्नानंतर मी बदलापूरला गेले, पण दुकान सोडलं नाही, रोज यायचे. आणि मग रस्ता रुंद करायचा विषय आला. आपल्या बाजाराच्या गल्लीतून टँकर वळत नव्हता. ॲम्ब्युलन्स वळत नव्हती. टेकडीकडे जायला दुसरी वाट नव्हती. वरपर्यंत पाइप टाकायचा तर आधी ही गल्ली मोठी व्हायला हवी होती, आणि ती मोठी झाली तर एका बाजूची सगळी दुकानं कापली जाणार होती. आपलं त्याच बाजूला. नगरपालिकेच्या सभेत त्यावर मतदान होतं, त्या दुपारी मी दुकानात होते. शेजारचा भांड्यांचा सिंधी दुकानदार, जो मला लहानपणापासून बेटी म्हणायचा, दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"तेरे बाप ने हाथ ऊपर किया," तो म्हणाला.

"किस बात पे?"

"अपना दुकान तोडने पे. मेरा भी, तेरा भी. सब बोले, दादा, आप तो मत करो. फिर भी किया."

मी शटर ओढलं आणि घरी आले. आई भाकरी थापत होती, तुम्ही तिच्याजवळ पाटावर बसून गरम भाकरी खात होतात, काहीच झालं नसल्यासारखे. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग तुझं ऐकावं लागलं असतं." मी म्हटलं, "दुकान मी चालवते. टेकडीवरचे सगळे तुमचे लागतात, आम्ही कोण?" आईचा हात तव्यावर थांबला. तुम्ही हातातला तुकडा ताटात ठेवलात. मग म्हणालात, "पाच फूट उरतंय गं मागे. पाच फुटात कापड विकता येतं. पाच फुटात टँकर वळत नाही." मला तेव्हा ते भाषणासारखं वाटलं. मी जेवले नाही.

पाडायच्या दिवशी तुम्ही बोर्ड स्वतः उतरवताय. शिडीवर चढलेले, तोंडात खिळे धरलेले. मी खाली उभी राहून बोर्ड झेलतेय, कारण रागावले असले तरी तुम्ही पडावं असं मला वाटत नाही. आपण दोघं एकेक ताका उचलून मागच्या पाच फुटात रचतोय, आणि टेकडीवरून आठ-दहा बायका न बोलावता आल्यात, त्या रांग करून हातोहात ताके देतायत. त्यातली एक पाडकामाच्या मशिनीच्या आवाजात मला ओरडून सांगतेय, "ताई, पोपलिन खाली ठेवू नका, ओल धरंल!" कुठलं कापड कुठे ठेवायचं ते तिला माहीत आहे. तुमच्याकडे बसून बसून शिकलीय ती.

पुढची निवडणूक आली. बाजार तुमच्यावर चिडलेला होता, तिकडची मतं मिळणार नाहीत हे तुम्हालाही कळत होतं. पण ऑर्डनन्सचे क्वार्टर्स होते आणि मुख्य म्हणजे टेकडी होती. वर पाइप टाकायचं काम मंजुरीपर्यंत आलं होतं. तुम्ही साठीला आला होतात, जिने चढताना छातीवर हात ठेवायचात आणि आम्ही बघतोय असं दिसलं की तोच हात खिशात घालायचात. निकालाच्या दिवशी तुम्ही थोडक्यात हरलात. टेकडीच्या पेट्या उघडल्या तेव्हा हरलात. घरी येऊन तुम्ही पाणी मागितलंत, आणि म्हणालात, "ठीक आहे. त्यांचा हक्क आहे."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचले तर तुम्ही माझ्याआधी आलेले. पाच फुटांच्या त्या बोळात चटई टाकून बसला होतात, फडक्याने ताके झटकत. "अचो, वेहो," म्हणालात मला. त्यानंतरची दोन वर्षं आपण रोज तिथे बसलो, गुडघ्याला गुडघा लावून, कारण दुसरी जागाच नव्हती. तुम्ही मला डोळे मिटायला लावून हातात चिंध्या द्यायचात आणि मी ओळखायचे. चुकले की पुन्हा. दुपारी आईने दिलेला डबा एकाच झाकणात खायचात माझ्याबरोबर. तुम्ही मला पहिल्यांदा विचारलंत, सासरी बरं चाललंय ना. मी पहिल्यांदा खरं सांगितलं. लहानपणी मला जे मिळालं नव्हतं ते सगळं मला त्या दोन वर्षांत मिळालं. मग एका दुपारी तुम्ही चटईवर आडवे झालात आणि उठला नाहीत. मी बराच वेळ गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगत होते.

आता दुकान नाही. आनंदनगरच्या एमआयडीसीत माझी शिलाईची शेड आहे, कारखान्यांचे युनिफॉर्म शिवतो आम्ही. टेकडीवरच्या चौघी माझ्याकडे कामाला आहेत. त्यातली एक तीच, पॉपलीन खाली ठेवू नका म्हणणारी. आता तिचे केस पांढरे झालेत. ती काजं करते. गेल्या आठवड्यात चहाच्या वेळेला पाण्यावरून विषय निघाला. तुम्ही हरल्यावर ती फाइल कुठेतरी पडून राहिली होती. टेकडीवर नळ यायला पुढे नऊ पावसाळे गेले. ती सांगत होती की तिच्या मोठ्या मुलीची शाळा सातवीतच सुटली, कारण पायथ्यापासून हंडे आणायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, म्हणायला नको होतं पण म्हटलं, "तेव्हा तुम्ही दादांना मतं दिली असती तर आधी आलं असतं पाणी."

तिने कप खाली ठेवला. "तुमीच तं सांगितलं व्हतं, ताई."

"मी?"

"दुकानात. मी पोराच्या शर्टाचं कापड न्याया आलेली. तुमी बोलल्या, दादांची छाती दुखते, या टायमाला त्यांना सुट्टी द्या. तुमच्या डोल्यात पाणी व्हतं. मंग मी वर जाऊन समद्यांना सांगितलं. आमी बायका बसलो, बोललो, मानूस आपल्यासाठी मरंल. मंग ठरवलं. दुसऱ्याला देऊ." पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "तुमच्या बापासाठीच केलं ना. पानी काय, आलं कवातरी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती उठून मशीनवर गेली. मी दोघींचे कप विसळायला नेले.

दादा, मला ते बोलल्याचं आठवत होतं. ती आली होती हे आठवत नव्हतं, पण तसं मी बोलत होते हे आठवत होतं. त्या महिन्यात जी ओळखीची बाई दुकानात येईल तिला मी हेच सांगत होते. माझं नाव अजून आपल्याच वॉर्डाच्या यादीत होतं, आणि मी स्वतःही शिलाई मशीनवर शिक्का मारला नव्हता. तुमच्या छातीची काळजी होती, ते खोटं नाही. पण दुकान पाडल्याचा रागही होता, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मला तुम्ही घरी हवे होतात. माझ्या एकटीच्या मताने काय होणार, असं मी धरून चालले होते. अख्खी टेकडी माझं ऐकेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी तुम्हाला सोडलं नव्हतं. ते तुमच्यावर माया करत होते, आणि त्या मायेपायी एका पोरीची शाळा गेली, बाकीच्या घरांत काय काय गेलं ते मी विचारलेलं नाही. उद्या त्या मुलीला भेटायला वर जाणार आहे. आता तिचीच पोरं शाळेत असतील. तिला काय सांगायचं ते मला माहीत नाही, पण माझ्या तोंडून तिला कळायला हवं.

हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. त्या दोन वर्षांत तुम्ही फक्त एकदा विचारलं होतंत, चिंध्यांची गठडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता: "टेकडीनं का सोडलं असेल गं मला?" मला त्याच क्षणी माझ्याच बोलण्याची शंका आली होती. सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण मग तुम्ही चपला घालून वर गेला असतात, आणि पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभे राहिला असतात.

मी म्हटलं, "लोक बदलतात, दादा," आणि गठडीची गाठ मारायला तुम्हाला बोट लावायला सांगितलं.